चपलाचोच्या आणि अनुमोदनेचा प्रश्न



युगांडाहून परत येऊन तीन आठवडे झाले. घरी येऊन जिने जिने फोटो पाहिले, तिचं बोट एकाच फोटोवर थांबलं. कुणी तो जवळ घेऊन निरखून पाहिला, कुणी 'अगं बाई' म्हणून पुढे ढकलला, आणि आमच्या काकींनी तर त्यावरून माझ्याशी चांगला तासभर वाद घातला. त्या फोटोतल्या पक्ष्याबद्दल आज लिहिते.

माझा धाकटा भाऊ जिंजाजवळ एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. आपल्या भागातल्या साखर कारखान्यांत तयार झालेली माणसं पूर्व आफ्रिकेत बरीच भेटतात, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी शेजारून कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आली तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. जिंजा म्हणजे व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी जिथे बाहेर पडते ते गाव. विषुववृत्त अगदी जवळ. त्याचा आपल्याला एक फायदा आहे, तो आधी सांगून टाकते. तिथे बाराही महिने सूर्य पावणेसात-सातच्या सुमारास मावळतो. सूर्यास्ताआधी जेवणारीला रोज पंचांग बघायचं काम नाही. आणि मटोके म्हणून त्यांचं जे रोजचं जेवण असतं, ते कच्ची केळी सोलून, केळीच्याच पानात गुंडाळून वाफवलेलं. कंदमूळ त्यात नाही. कांदा-लसूण घालू नका एवढं सांगितलं की आपली सोय होते.

मला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे हे तुम्हाला माहीत आहेच. मुलाने कॅमेरा घेऊन दिल्यापासून कृष्णेच्या घाटावर सकाळी दर्शनाहून येताना मी खंड्या, पाणकावळे, बगळे टिपत बसते. भावाला ते ठाऊक. तो म्हणाला, "अक्का, इथवर आलीस तर शूबिल बघितल्याशिवाय जायचं नाही. लोक त्याच्यासाठी सातासमुद्रापलीकडून येतात."

शू म्हणजे बूट, बिल म्हणजे चोच. माझ्या आठ वर्षांच्या भाचीने पुस्तकातलं चित्र पाहून त्याचं बारसं केलं: चपलाचोच्या. मला ते मूळ नावापेक्षा आवडलं, म्हणून पुढे मीही तेच वापरणार आहे. अरबी भाषेत त्याला अबू मरकूब म्हणतात, म्हणजे 'जोड्याचा बाप', तेव्हा भाची काही फार चुकलेली नाही. १८५० मध्ये जॉन गूल्ड या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं, बॅलेनिसेप्स रेक्स. देवमाशाच्या डोक्याचा राजा, असा काहीसा त्याचा अर्थ. बरीच वर्षं त्याला करकोच्यांच्या घराण्यातला समजत. आता त्याचं जवळचं नातं पेलिकनशी, म्हणजे आपल्या झोळीवाल्याशी, जुळतं असं अभ्यासक सांगतात.

हा पक्षी फक्त आफ्रिकेत आणि तिथेही पाणथळीतच राहतो. दक्षिण सुदान, युगांडा, झांबिया अशा मोजक्या देशांत. सगळे मिळून ५,००० ते ८,००० असतील असा अंदाज आहे. एका मध्यम गावात माणसं असतात तेवढे, सबंध पृथ्वीवर.

कंपालाहून अजून उजाडायचं होतं तेव्हा निघालो. भाऊ, भावजय, भाची आणि मी. डब्यात दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, आणि गाळून घेतलेलं पाणी. मसाका रस्ता सोडल्यावर लाल मातीचा कच्चा रस्ता लागतो, आणि तो संपतो तिथे मबाम्बा. व्हिक्टोरिया सरोवराच्या एका फाट्याला धरून पसरलेली ही दलदल. २००६ पासून ती जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर त्याच यादीतलं.

काठावर लाकडी होड्या लागलेल्या होत्या. लांब, अरुंद, एकापुढे एक बसायचं. आमचा वाटाड्या त्याच गावचा. वडील आणि आजोबा मासेमारी करायचे, हा पक्षी दाखवायचं काम करतो. होडीत बसता बसता त्याने सांगितलं की पूर्वी इथले कोळी चपलाचोच्याला अपशकुनी मानायचे. सकाळी तो दिसला तर त्या दिवशी जाळ्यात मासा येणार नाही अशी समजूत, म्हणून दिसला की मारून टाकायचे. मग बाहेरचे लोक पक्षी बघायला येऊ लागले, त्यांना होडी लागते, वाटाड्या लागतो, चहा लागतो. आता तोच पक्षी दिसला नाही तर त्या दिवशी घरी पैसे येत नाहीत.

मी हे ऐकून घेतलं आणि खरं सांगते, मनात थोडी खट्टू झाले. आपल्याला वाटतं जीव वाचावा तो दयेने. इथे तर सगळा हिशोबच पैशाचा. पण दिवसभर त्या माणसाबरोबर राहिल्यावर माझं मत थोडं हललं, ते पुढे येईल.

होडी पॅपिरसच्या गल्ल्यांतून सरकू लागली. पॅपिरस म्हणजे ज्याच्यापासून जुन्या मिसरी लोकांनी लिहायचा कागद केला तो. माणसाहून उंच, टोकाला हिरव्या झिपऱ्या. पाण्यावर कमळं, आणि त्यांच्या पानांवरून लांब बोटांचे कमळपक्षी चालत होते. आपल्याकडचे असतात तसेच, फक्त रंग वेगळा, तांबूस. एक इवलासा निळा-नारिंगी खंड्या होडीच्या टोकाला येऊन बसला आणि भाचीने श्वास रोखून धरला. गल्ली इतकी अरुंद व्हायची की वाटाड्या मोटर बंद करून लांब बांबू रोवत होडी पुढे ढकलायचा.

दोन तास गेले. ऊन चढलं. भावजय म्हणाली, "वन्सं, नाही दिसला तरी चालेल हो, एवढं फिरलो ते काय कमी आहे?" तिने ते माझ्यासाठी म्हटलं होतं, मी हिरमुसेन म्हणून. तेवढ्यात वाटाड्याने हात वर केला.

गवताच्या एका मोकळ्या जागेत तो उभा होता.

पहिल्यांदा मला तो कुणीतरी आणून ठेवलेला पुतळा वाटला. चार-साडेचार फूट उंच, पावसाळी ढगाच्या रंगाचा, डोक्यामागे पिसांची छोटीशी शेंडी. आणि ती चोच! वीतभर लांब, जवळजवळ तेवढीच रुंद वाटणारी, टोकाला आकडा, वर वाळक्या लाकडासारखे डाग. डोळे फिकट आणि थेट समोर बघणारे. तो आमच्याकडे बघत होता की आमच्यातून आरपार, कळेना.

वाटाड्या हळूच म्हणाला, "आणखी जवळ नेऊ? गवतातून ढकलली तर अर्ध्या अंतरावर जाता येईल. सगळे सांगतात."

तेव्हा आम्ही तीसेक पावलांवर असू. माझ्या कॅमेऱ्यात पक्षी चौकटीच्या तिसऱ्या हिश्शाइतका दिसत होता. जवळ गेलो असतो तर डोळ्याची कड, पिसांचे दांडे, सगळं आलं असतं. मी विचारलं, जवळ गेल्यावर तो काय करतो? म्हणाला, कधी उभा राहतो, कधी उडून जातो. उडाला तर परत याच जागी शिकारीला येईल याचा भरवसा नाही.

मी म्हटलं, इथेच थांबू.

भावाने माझ्याकडे पाहिलं. त्याने होडीचे पैसे भरले होते, रजा काढली होती, आणि ताईला चांगला फोटो मिळावा ही त्याची मनापासून इच्छा. पण काही बोलला नाही. थोड्या वेळात आणखी दोन होड्या आल्या. त्यातल्या एकीत कुणीतरी तो उडताना दिसावा म्हणून वल्ह्याने होडीच्या कडेवर टकटक करायला लागलं. त्यांच्या वाटाड्याने लगेच थांबवलं. आमचा तर दुरूनच ओरडला. पैसे देणाऱ्या पाहुण्यावर ओरडायला धाडस लागतं. तिथे मला वाटलं, सुरुवात पोटापासून झाली असेल, पण आता या माणसाच्या आवाजात नुसतं पोट नाही.

त्या होड्या वीस-पंचवीस मिनिटांत फोटो काढून गेल्या. आम्ही थांबलो. एक तासाहून जास्त. त्या तासात त्याने एकदा मान किंचित खाली केली, बस्स. भावजय कुजबुजली, "अगदी कायोत्सर्गात उभा आहे. पायाला वेली तेवढ्या नाहीत." कुंभोजच्या बाहुबलींची आठवण आपल्या कुणालाही येईल अशीच ती उभं राहण्याची ढब. मला मात्र आपला मराठीतला दुसरा शब्द आठवला, बकध्यान. बगळा एका पायावर डोळे मिटून उभा राहतो आणि मासा आला की गट्ट करतो, म्हणून ढोंगी माणसाला आपण बगळाभगत म्हणतो. तासभर त्याच्यासमोर बसल्यावर वाटलं, हा त्या बगळ्यावर अन्यायच आहे. मी मुनी आहे असं तो कधी म्हणाला? आपणच म्हटलं, आणि आपणच त्याला खोटं पाडलं. तो उभा आहे कारण त्याला भूक आहे आणि हलला तर मासा पळेल.

तो ज्याची वाट बघत होता तो मासाही साधा नाही. लंगफिश. त्याला फुप्फुसं असतात, आणि हवेसाठी त्याला अधूनमधून पाण्याच्या वर तोंड काढावंच लागतं. दलदलीच्या पाण्यात प्राणवायू कमी, तिथेही हा मासा जगतो तो त्यामुळे. आणि चपलाचोच्याला सापडतो तोही त्यामुळेच. जो श्वास त्याला जगवतो तो घ्यायला वर आला की वर हा उभा. कर्माची गती म्हणतात ती याहून वेगळी काय असते, मला माहीत नाही.

मग एका क्षणी तो पुतळा कोसळला. खरंच कोसळला. पंख उघडून सगळं अंगच पाण्यावर टाकलं त्याने, डोकं आधी. पाणी, गवत, चिखल उडाला. सावरून उभा राहिला तेव्हा चोचीत गवताचा भारा होता आणि त्यातून एक काळपट शेपूट वळवळत होतं. चोच थोडी थोडी हलवून त्याने गवत बाजूने गाळून टाकलं, मासा ठेवला. चोचीच्या धारदार कडा दोन-तीनदा मिटल्या. शेपूट थांबलं. मग गिळला.

माझं बोट बटणावर होतं आणि ते चालूच राहिलं. भावजयीने तोंड फिरवून डोळे मिटले होते, ओठ णमोकार म्हणत होते. भाची माझा पदर धरून म्हणाली, "आत्या, मेला का गं तो?" मी म्हटलं, "हो." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि चपलाचोच्या उपाशी राहिला असता तर तो मेला असता?" मी पुन्हा 'हो' म्हटलं. याहून जास्त उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि तिनेही मागितलं नाही.

परत येताना काठावर डबा सोडला. वाटाड्याला दशमी-चटणी दिली, शेंगदाणा त्यांच्या जेवणात असतोच, त्याने आवडीने खाल्ली. आम्ही मांस-मासे का खात नाही हे विचारलं, भावाने सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "लंगफिश मीही खात नाही. माझं कुळच त्याचं आहे." बुगांडात पन्नासच्या वर कुळं आहेत आणि प्रत्येक कुळाचा एक प्राणी, मासा नाहीतर वनस्पती ठरलेली असते. आपल्याकडे देवक असतं ना, थोडंफार तसं. लंगफिशला ते मम्बा म्हणतात, मम्बा कुळ मोठं आहे, आणि त्या कुळातला माणूस तो मासा तोंडाला लावत नाही. भाचीने लगेच विचारलं, मग हा पक्षी तुमचा मासा खातो त्याचा राग नाही येत? तो हसला. म्हणाला, त्याने कुठे आमच्या कुळात जन्म घेतलाय?

आता काकींचा वाद. काकींनी सात प्रतिमा घेतल्या आहेत, त्यांचा अभ्यास माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यांनी फोटो पाहिला, तोंडात मासा असलेला, आणि म्हणाल्या, "पंचेंद्रिय जीव मरताना तू बघत राहिलीस, वर त्याचं चित्र काढून आणलंस. कृत नाही, कारित नाही, पण अनुमोदना झालीच ना?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मन-वचन-काया, कृत-कारित-अनुमोदना, संरंभ-समारंभ-आरंभ आणि चार कषाय, या सगळ्यांचा गुणाकार केला की १०८ होतात, माळेचे मणी तेवढेच. त्यातला एकेक मणी म्हणजे पाप आत शिरण्याची एकेक वाट. काकींचं म्हणणं त्यातल्या एका वाटेवर मी उभी होते.

मी म्हटलं, काकी, बघणं म्हणजे बरं वाटणं नव्हे. शेपूट वळवळताना माझ्याही पोटात कालवलं. पण तो पक्षी माझ्या सांगण्याने मासा खात नाही आणि माझ्या न बघण्याने सोडत नाही. कारित म्हणाल तर ते दुसरीकडेच होतं. होडी गवतात घुसवली असती, त्याला उडवलं असतं, घरट्यापासून हुसकलं असतं, तर ते माझ्या शब्दावर झालं असतं. हा पक्षी बहुधा दोन अंडी घालतो आणि त्यातलं एकच पिल्लू सहसा मोठं होतं. उन्हाच्या वेळी आई-बाप चोचीतून पाणी आणून घरट्यावर ओततात. त्या वेळी कुणी होडी घेऊन जवळ आलं आणि ते उडाले, की अंडी उन्हात. पिल्लं चोरून खासगी प्राणिसंग्रहालयांना विकणारे आहेत ते वेगळेच.

काकी म्हणाल्या, "पण जीव वाचवायचा तर शांत जीव वाचवावा. हा दुसऱ्याचा जीव घेणारा." मला दिल्लीच्या लाल मंदिरातलं पक्ष्यांचं रुग्णालय आठवलं. तिथे घार-गिधाडांवरही उपचार करतात, फक्त त्यांना भरती करून ठेवत नाहीत, कारण आत सगळ्यांना शाकाहारीच अन्न. मी ते सांगितलं. कुणीतरी आपल्याच माणसांनी, आपलाच नियम न मोडता, घारीच्या पंखाला पट्टी बांधायची वाट काढली. पुराणातल्या सिंहाला, महावीरांच्या पूर्वभवातल्या, चारण मुनींनी उपदेश केला तेव्हा त्याने मांस सोडलं. ते मुनींचं सामर्थ्य. माझ्याकडे ते नाही, माझ्याकडे फक्त होडी लांब ठेवणं आहे. (पर्युषणात बाजारातून पिंजऱ्यातले पोपट विकत घेऊन सोडण्याबद्दलही मला काकींशी बोलायचं होतं, कारण विकत घेणारे आहेत म्हणूनच पकडणारे आहेत. पण एका दुपारी एकच वाद बरा.)

काकींना सगळं पटलं असं नाही. तोंडात मासा असलेला फोटो त्यांनी उलटा करून ठेवला. त्याच्या आधीचा, नुसता उभा असलेला, हातात घेतला. चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "पायाला वेली नाहीत," त्याही म्हणाल्या. मग विचारलं, "तुम्ही निघालात तेव्हा उडाला का गं तो?"

मी म्हटलं, नाही. होडी वळवून पार पॅपिरसच्या आड जाईपर्यंत मी मागे बघत होते, तो तिथेच होता.

"मग बरं," म्हणाल्या, आणि माळ घेऊन जपाला बसल्या.